अनेक देशांचा संयुक्त आपत्ती-प्रकल्प: उपकरणं बसवण्याआधी काय ठरवून घ्यावं

प्रश्न थोडक्यात असा: पाच देशांतल्या सात संस्था मिळून पूर, दरडी, भूकंप आणि किनाऱ्यावरचे धोके यांवर चार वर्षांचा संशोधन प्रकल्प आखत आहेत. शास्त्रीय उद्दिष्टं ठरली आहेत, निधीचा अर्ज लिहून होत आला आहे. असे प्रकल्प प्रत्यक्षात कुठे अडकतात आणि आधीच काय पक्कं करून ठेवावं?

अर्ज उघडा आणि शास्त्रीय उद्दिष्टांना किती पानं दिली आहेत, डेटाला किती आणि देखभालीला किती, ते मोजा. वीस, अर्धं आणि शून्य असा हिशेब निघाला तर अर्ज अजून लिहून झालेला नाही. शास्त्रावरून या मंडळींचं फारसं बिनसत नाही. बिनसतं ते उंचीचा शून्य कुठे धरला, वेळ कोणती धरली, बंद पडलेलं यंत्र दुरुस्त करायला कोण जाणार आणि संकट आलं तर लोकांशी कोण बोलणार, या चार गोष्टींवरून. त्याच क्रमाने लिहितो. पहिल्या दोन कंटाळवाण्या वाटतील, पण कामाची सगळ्यात जास्त नासाडी तिथेच होते.

शून्याचं उदाहरण आपत्तीच्या बाहेरचं आहे, तरी तेच घेतो, कारण त्यात चूक नागडी दिसते. ऱ्हाइन नदीवर लाउफेनबुर्ग इथे जर्मनी आणि स्वित्झर्लंड दोन्हीकडून पूल बांधत होते. जर्मनीची उंची उत्तर समुद्राच्या पातळीवरून मोजलेली, स्वित्झर्लंडची भूमध्य समुद्राच्या. दोन्ही शून्यांत 27 सेंटिमीटरचा फरक आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. दुरुस्ती केलीही, पण चिन्ह उलटं लागलं, आणि 2003 मध्ये दोन टोकांमधला फरक 27 वरून 54 सेंटिमीटर झाला. फरक माहीत असून हे झालं. तुमच्या प्रकल्पात तो माहीतही नसेल.

जीपीएससारखी यंत्रणा जी उंची देते ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नाही. समुद्रसपाटीच्या जवळ जाणारा पृष्ठभाग म्हणजे जिऑइड, आणि तो लंबगोलापेक्षा कुठे वर तर कुठे खाली असतो. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तो सुमारे 106 मीटर खाली आहे, तर न्यू गिनीच्या बाजूला सुमारे 85 मीटर वर. एका गटाने लंबगोलावरची उंची दिली आणि दुसऱ्याने ती समुद्रसपाटीवरची समजून पुराच्या मॉडेलमध्ये घातली, तर उत्तर हास्यास्पद येतं आणि लगेच पकडलं जातं. खरा धोका लहान फरकाचा. एसआरटीएम या अंतराळातल्या रडार-मोहिमेची उंची ईजीएम 96 या जिऑइडवर आहे, कोपर्निकस या युरोपीय उपक्रमाची ईजीएम 2008 वर. डोंगराळ भागात या दोघांत मीटरभराचा फरक सहज पडू शकतो, आणि मीटरभर चूक नकाशावर कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. शिवाय एसआरटीएमचं रडार फेब्रुवारी 2000 मध्ये 11 दिवस फिरलं, त्याला झाडांचे शेंडे आणि छपरं दिसली, जमीन नाही. खारफुटीच्या किनाऱ्यावर त्याचे आकडे तसेच वापरले की जमीन आहे त्यापेक्षा उंच दिसते आणि पाण्याखाली जाणारी वस्ती कागदावर कोरडी राहते.

भरतीमापकाचं आणखी वेगळं. त्याचा शून्य बहुधा बंदराच्या नौकानयन नकाशाचा असतो. लिव्हरपूलची पीएसएमएसएल ही संस्था 1933 पासून जगभरच्या समुद्रपातळीच्या नोंदी जमा करते. तिथे प्रत्येक ठिकाणाचा संदर्भ त्या जागेच्या सरासरी पातळीच्या साधारण 7000 मिलिमीटर खाली मानलेला असतो. हेतू एवढाच की आकडे ऋण येऊ नयेत. म्हणजे दोन बंदरांचे आकडे शेजारी ठेवून ‘इथे समुद्र जास्त वर आहे’ असं म्हणता येत नाही. प्रत्येक बंदराचा बदल पाहता येतो, तुलना पाहता येत नाही. आणि मापक ज्या धक्क्यावर बसवलाय तो धक्काच खचत असेल तर समुद्र चढतोय असं दिसतं. त्यासाठी शेजारी कायमचा जीपीएस ग्राहक हवा, आणि किनाऱ्यावरच्या पक्क्या खुणांशी वर्षातून एकदा लेव्हलिंग, म्हणजे उंची ताडून पाहणं. प्रत्येक उंचीसोबत चार गोष्टी लिहून हव्यात: कुठला संदर्भ, कुठलं जिऑइड मॉडेल, मोजणीची तारीख, आणि खुणेचा फोटो. फोटो हसण्यावारी नेऊ नका. दहा वर्षांनी खुणेवर रंगाचे तीन थर आणि शेजारी नवी भिंत असते, तेव्हा तोच कामाला येतो.

आता वेळ. सगळं यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेत ठेवायचं, हे सगळेच मान्य करतात आणि तरी घोळ होतो, कारण प्रश्न घड्याळाचा नसून ‘दिवस’ म्हणजे काय याचा आहे. पावसाचा दिवस घ्या. भारतात 24 तासांचा पाऊस सकाळी साडेआठला, म्हणजे 03 यूटीसीला मोजतात आणि मोजला त्या तारखेवर टाकतात. ऑस्ट्रेलियात सकाळी 9 वाजता, स्थानिक वेळेने. उपग्रहांवरून तयार होणारे रोजचे आकडे बहुतेक 00 ते 00 यूटीसीचे. समजा 14 तारखेच्या संध्याकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत भारतात एका ठिकाणी 180 मिलिमीटर पाऊस पडला. पर्जन्यमापकाच्या वहीत तो 15 तारखेला दिसेल. उपग्रहाच्या फाइलमध्ये 14 तारखेला. दोन्ही स्तंभ शेजारी लावून सहसंबंध काढला की उपग्रह निकामी ठरतो, आणि कुणीतरी त्यावर निबंधही लिहून मोकळा होतो. दरडीसाठी पावसाचा उंबरठा काढत असाल तर याचा थेट फटका बसतो: दरड 14 च्या रात्री कोसळली आणि पाऊस 15 ला, म्हणजे दरड आधी आणि पाऊस नंतर. उपाय एकच, ताशी नोंद असेल तिथे ताशी घ्या आणि दिवस स्वतः बांधा. ती नसेल तर प्रत्येक देशाच्या वेधशाळेचा नियम लेखी मागवा.

त्याच वहीतली दुसरी गोष्ट म्हणजे ‘शून्य’ आणि ‘नोंद नाही’ यातला फरक. उलटत्या वाडग्याच्या पर्जन्यमापकाच्या नळीत पान अडकलं किंवा कोळ्याने जाळं विणलं की यंत्र मुकाट्याने 0.0 नोंदवत राहतं. ते शून्य खोटं असतं. उलट बाजूला काही संस्था न आलेल्या नोंदीसाठी −9999 लिहितात, काही 99.9. दुसरा आकडा पाऊस म्हणून सहज खपतो. शिवाय वाडगा उलटायला क्षणभर लागतो, त्यामुळे मुसळधार पावसात हे यंत्र कमी मोजतं, नेमकं जेव्हा अचूक मोजायला हवं तेव्हा. शेजारी साधं साठवणीचं पर्जन्यमापक ठेवा आणि दोघांच्या बेरजा दर आठवड्याला ताडून पाहा.

भूकंपमापकात वेळेची चूक थेट किलोमीटरमध्ये उतरते. जीपीएसची स्वतःची वेळ 1 जानेवारी 2017 पासून यूटीसीच्या 18 सेकंद पुढे आहे. पृथ्वीच्या कवचातली भूकंपाची पहिली लाट सेकंदाला साधारण 6 किलोमीटर जाते, म्हणजे एका केंद्राने चुकून जीपीएस वेळ नोंदवली तर त्याचं अंतर शंभर किलोमीटरच्या वर चुकतं. इतकी मोठी चूक केंद्रबिंदू काढतानाच उघडी पडते. त्रास देतं ते घड्याळ ज्याचा उपग्रहाशी संपर्क महिनाभर तुटला आहे आणि जे रोज थोडं थोडं सरकतंय. म्हणून लाटेच्या नोंदीसोबत घड्याळाच्या स्थितीची नोंदही कायम जतन करा.

हवामान मॉडेलांशी काम असेल तर पंचांगच वेगवेगळी निघतात. ब्रिटनच्या यूकेईएसएम मॉडेलच्या वर्षाला 360 दिवस असतात, प्रत्येक महिना 30 चा, अगदी फेब्रुवारीसुद्धा. काही मॉडेलांत लीप वर्ष नसतं. 30 फेब्रुवारीची नोंद वाचताना साधा प्रोग्राम एकतर बंद पडतो किंवा ती गपचूप 1 किंवा 2 मार्चला ढकलतो. बंद पडलेला बरा. एककांचंही तसंच: सीएमआयपी 6 या जगभरच्या हवामान मॉडेलांच्या संचात पाऊस दर चौरस मीटरला दर सेकंदाला किती किलो असा येतो, त्याला 86400 ने गुणलं की रोजचे मिलिमीटर. ईआरए 5 या गेल्या काळातल्या हवामानाच्या पुनर्रचनेत तोच पाऊस मीटरमध्ये असतो, आणि नोंदीवरची वेळ म्हणजे तो तास संपण्याची वेळ. ईआरए 5-लँड हे तिचं जमिनीपुरतं रूप घेतलं तर बेरीज 00 यूटीसीपासून साठत जाते, म्हणून ताशी आकडा काढायला लगतच्या दोन नोंदींची वजाबाकी लागते. एकाच केंद्राची दोन उत्पादनं, तरी नियम दोन. रेखांश एकाकडे 0 ते 360, दुसऱ्याकडे −180 ते 180. यातलं काही कठीण नाही, पण सात संस्थांत सात जण हे सात प्रकारे करतात. रूपांतराचा प्रोग्राम एकच असावा, तो सगळ्यांनी वापरावा आणि त्याला एक जबाबदार माणूस असावा.

अशी चूक केवढी महागात पडते, त्याचं उत्तम उदाहरण समुद्राचं आहे. 2006 मध्ये एका शोधनिबंधात निष्कर्ष आला की 2003 ते 2005 या काळात महासागराचे वरचे थर थंड झाले. पुढच्याच वर्षी दुरुस्ती आली. आर्गो या जाळ्यातल्या काही तरंगकांमध्ये, म्हणजे समुद्रात सोडलेल्या स्वयंचलित मोजयंत्रांमध्ये, तापमानाची जोडी चुकीच्या दाबाशी, म्हणजे चुकीच्या खोलीशी लागली होती. शिवाय जहाजावरून टाकायच्या जुन्या एक्सबीटी तापमापकांमध्ये खोली मोजलीच जात नाही. यंत्र किती वेगाने बुडतं ते गृहीत धरून वेळेवरून काढतात. त्यांचे आकडे जरा उष्णतेकडे झुकलेले होते. जुनी यंत्रं कमी होऊन नवी वाढत गेली, तशी समुद्रात नसलेली थंडी आलेखात उतरली. चूक सापडली, कारण आर्गोचा डेटा पहिल्या दिवसापासून सगळ्यांना खुला होता आणि प्रत्येक तरंगकाला स्वतंत्र ओळख क्रमांक होता. सुमारे 4000 तरंगक 1000 मीटरवर वाहत राहतात, दर 10 दिवसांनी 2000 मीटरपर्यंत बुडी मारून वर येताना मोजतात आणि उपग्रहाकडे आकडे पाठवतात. आकडे दोनदा प्रसिद्ध होतात: लगेच, जुजबी तपासणीनंतर, आणि पुढे सावकाश, तज्ज्ञाने पाहिल्यानंतर. हीच दोन पायऱ्यांची पद्धत उचला. ‘कच्चं’ आणि ‘तपासलेलं’ अशी दोन वेगळी नावं हवीत, आणि दुरुस्ती केली तरी मूळ फाइल कधीही पुसायची नाही.

कराराकडे वळू. हवामानाची देवाणघेवाण ही जुनी परंपरा आहे, 1873 च्या व्हिएन्ना परिषदेपासूनची. जागतिक हवामान संघटनेचा 1995 चा ठराव क्रमांक 40 आणि 2021 चं एकसंध डेटा धोरण हे तिचे आजचे आधार. त्यातल्या किमान जाळ्याच्या नियमानुसार जमिनीवरची केंद्रं 200 किलोमीटर किंवा त्याहून दाट हवीत आणि ताशी नोंद द्यावी. वरच्या हवेची केंद्रं 500 किलोमीटरवर, दिवसातून दोनदा. नदीच्या पाण्याला मात्र अशी शिस्त नाही. वरच्या देशाने खालच्या देशाला पातळी कळवायची की नाही, हे दोघांच्या संबंधांवर ठरतं. ब्रह्मपुत्रेच्या पावसाळी नोंदींसाठी भारत आणि चीन यांच्यात 2002 पासून 2023 पर्यंत सामंजस्य करार होता, पण 2017 च्या पावसाळ्यात, डोकलामच्या तणावाच्या वर्षी, त्या नोंदी भारताला मिळाल्या नाहीत. म्हणून सीमेपलीकडच्या नदीवर काम असेल तर वरच्या देशाच्या आकड्यांवर सगळा डोलारा उभा करू नका. उपग्रहावरून नदीची रुंदी आणि पातळी काढायची सोय पहिल्या वर्षीच बसवून ठेवा. अचूकता कमी मिळेल, पण ती कुणी बंद करू शकत नाही.

करारात काय हवं? कच्चा डेटा कुठल्या दोन ठिकाणी राहील (एक ठिकाण यजमान देशात असलंच पाहिजे), केंद्रातून किती मिनिटांत पोहोचेल, संशोधकांना तो राखून ठेवायची मुदत किती. तात्पुरत्या भूकंपमापक जाळ्यांत दोन वर्षं राखून ठेवण्याचा रिवाज आहे, तोही चालेल. पण एक कलम कुणी लिहीत नाही आणि ते सगळ्यात महत्त्वाचं: आपत्ती आली की राखीव मुदत आपोआप उठेल, कुणाचीही सही न लागता. दरड कोसळल्यावर सात संस्थांच्या संचालकांना ईमेल करून संमती गोळा करण्यात पहिले तीन दिवस जातात, आणि बचावकार्याला आकडे हवे असतात ते नेमके त्याच दिवसांत.

उपग्रह-चित्रांसाठी ‘अवकाश आणि मोठ्या आपत्ती’ ही आंतरराष्ट्रीय सनद 1 नोव्हेंबर 2000 पासून चालू आहे. तिची चावी तुमच्या हातात नसते, हे अनेक शास्त्रज्ञांना ऐन वेळी कळतं. विनंती प्रत्येक देशाने नेमलेल्या अधिकृत वापरकर्त्यानेच करायची, बहुधा नागरी संरक्षण किंवा आपत्ती प्राधिकरणाने. ती चोवीस तास हजर असणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाते, तो खातरजमा करतो, मग उपग्रहांना काम वाटलं जातं आणि त्या आपत्तीपुरता एक प्रकल्प-व्यवस्थापक नेमला जातो. चित्रं फुकट मिळतात, पण मदतकार्यासाठी. नंतरच्या निबंधांसाठी ती वापरायची तर परवान्याच्या अटी पाहाव्या लागतात. दुष्काळासारख्या सावकाश येणाऱ्या संकटाला ही सोय नाही. तुमच्या पाचही देशांत तो अधिकृत वापरकर्ता कोण, त्याचा रात्रीचा फोन कुठला, आणि तुमच्यापैकी कोण चित्रं वाचून देऊ शकतो, ही यादी शांततेच्या काळात करा. पुराच्या वेळी ढग असतात, म्हणून रडार वाचणारा माणूस हवा, नुसती रंगीत चित्रं पाहणारा नको.

रडारवरून जमिनीची हालचाल मोजायची असेल तर तरंगलांबी विचारपूर्वक निवडा. सेंटिनेल-1 या युरोपीय रडार-उपग्रहाची तरंगलांबी सुमारे 5.6 सेंटिमीटर, त्याच्या हालचालीच्या चित्रात एक रंगपट्टा म्हणजे दृष्टिरेषेत 2.8 सेंटिमीटर हालचाल. बारीक मोजमाप मिळतं, पण दाट झाडीत संकेत विस्कटतो. इस्रो आणि नासाचा निसार हा रडार-उपग्रह 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून गेला. त्याच्या एल बँडची तरंगलांबी सुमारे 24 सेंटिमीटर, ती पानांतून खाली पोहोचते. जंगलातल्या सरकत्या उतारांसाठी तोच घ्या. दोन्ही रडारं उतार कुठल्या दिशेला आहे यावर आंधळी होतात: उत्तर-दक्षिण हालचाल त्यांना जवळजवळ दिसत नाही, कारण ती बाजूने, साधारण पूर्व-पश्चिम पाहतात. ‘रडारला काही दिसलं नाही’ याचा अर्थ ‘उतार स्थिर आहे’ असा कुणी घेऊ नये, म्हणून नकाशावर हे आंधळे भाग राखाडी रंगात दाखवाच.

परवानग्या आणि मालवाहतूक थोडक्यात. दुसऱ्या देशाच्या सागरी क्षेत्रात संशोधन करायचं तर समुद्रविषयक कायद्याच्या संयुक्त राष्ट्र कराराच्या कलम 248 नुसार किमान सहा महिने आधी पूर्ण माहिती द्यावी लागते. व्यवहारात नऊ ते बारा महिने धरा. यंत्रं तात्पुरती नेण्यासाठी एटीए कार्नेट (जकात न भरता तात्पुरतं सामान नेण्याचा परवाना) सोयीचं असतं, पण त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष आणि तुमचं केंद्र तीन वर्षं राहणार. तेव्हा सरळ आयात करा किंवा यजमान संस्थेच्या नावावर द्या. सुट्या लिथियम बॅटऱ्या प्रवासी विमानातून जात नाहीत आणि मालवाहू विमानातही 30 टक्क्यांपेक्षा जास्त भारित चालत नाहीत. बॅटऱ्या तिथेच विकत घ्या, शिशाच्या असल्या तरी. पुढे बदलताना तेच सोपं जातं.

भूकंपमापक बसवताना दोन चुका नेहमीच्या. एक, वाहतुकीसाठी आतलं वजन बांधून ठेवलेलं असतं ते सोडायचं राहून जातं, किंवा परत नेताना बांधायचं राहतं. दुसरी, दिशा. होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं आणि चौथऱ्यात सळ्या असतील तर तेही धड दाखवत नाही. खऱ्या उत्तरेसाठी स्थानिक चुंबकीय फरक चिन्हासकट हिशेबात घ्या, आणि पहिला मोठा लांबचा भूकंप झाला की सगळ्या केंद्रांवरची पहिली उभी हालचाल एकाच दिशेने आहे का ते पाहा. एखादं केंद्र उलटं असेल तर तारा उलट्या जोडल्या आहेत.

देखभालीचं गणित कुणालाच आवडत नाही, कारण निधी देणाऱ्याला फित कापायची असते, वंगण घालायचं नसतं. प्रशांत महासागरात एल निनोवर नजर ठेवणारी सुमारे 70 नांगरलेल्या बोयांची (तरंगत्या मोजयंत्रांची) रांग 1994 मध्ये पूर्ण झाली. जगभरच्या मोसमी अंदाजांचा तो कणा होता. तिची सेवा करणारं जहाज 2012 मध्ये निवृत्त झालं, आणि दोन वर्षांच्या आत एके काळी 80 टक्क्यांच्या वर असलेली नोंदींची आवक 40 टक्क्यांच्या आसपास घसरली. बोये तेच, शास्त्रज्ञ तेच, फक्त जहाज नव्हतं. त्सुनामीच्या बोयांचीही तीच कथा. तळावरचा दाबमापक 6000 मीटर खोल पाण्यात मिलिमीटरभराचा चढउतार ओळखतो, पण वर तरंगणाऱ्या बोयाला मासेमारीच्या होड्या दोर बांधतात, कारण बोयाभोवती मासे जमतात. इंडोनेशियात 2004 नंतर अनेक देशांनी दिलेले बोये 2012 पासून बंद होते. सुरुवातीच्या खर्चाइतकाच पैसा पुढच्या दोन-तीन वर्षांच्या फेऱ्या, सुटे भाग आणि राखणदार यांसाठी वेगळा काढता येत नसेल, तर केंद्रांची संख्या निम्मी करा. वीस जिवंत केंद्रं चाळीस अर्धमेल्यांपेक्षा बरी. जमिनीवरच्या केंद्राला शेजारचा माणूस सांभाळणारा असला, त्याला मासिक मानधन आणि काय पाहायचं याचा एक कागद दिला, की बंद पडण्याचं प्रमाण लक्षणीय घटतं.

शेवटचा प्रश्न, बोलायचं कुणी. 26 डिसेंबर 2004 ला 00:58 यूटीसीला सुमात्राजवळ भूकंप झाला. प्रशांत महासागरातल्या इशारा केंद्राने पंधरा मिनिटांत निवेदन काढलं, तेव्हा तीव्रता 8.0 धरली होती, तासाभराने 8.5 झाली. प्रत्यक्षात तो 9.1 चा होता. कारण यांत्रिक होतं: लवकर हाती येणाऱ्या छोट्या आवर्तनाच्या लाटा एका मर्यादेनंतर वाढतच नाहीत, मग भेग कितीही लांब फाटो. आज डब्ल्यू-फेज या लांब आवर्तनाच्या लाटांवरून अर्ध्या तासाच्या आत नीट आकडा मिळतो. पण तेव्हा आकडा बरोबर असता तरी हिंदी महासागराच्या किनाऱ्यावर तो कुणाला कळवायचा, हेच ठरलेलं नव्हतं. 4000 मीटर खोल पाण्यात त्सुनामी ताशी सुमारे 700 किलोमीटर जाते. भारत आणि श्रीलंकेला साधारण दोन तास मिळाले आणि ते वाया गेले. 2011 पासून ऑस्ट्रेलिया, भारत आणि इंडोनेशिया यांची केंद्रं सगळ्या किनाऱ्यांसाठी धोक्याची माहिती काढतात, आणि लोकांना इशारा देण्याचा अधिकार प्रत्येक देशाच्या स्वतःच्या केंद्राकडे राहतो. ही विभागणी तुमच्या करारातही हवी. बाहेरचा शास्त्रज्ञ यजमान संस्थेला काहीही सांगू शकतो, पत्रकाराला नाही.

कोलंबियात 1985 मध्ये नेवाडो देल रुइझ ज्वालामुखीचा धोक्याचा नकाशा उद्रेकाच्या महिनाभर आधी तयार होता. 13 नोव्हेंबरच्या रात्री चिखलाचा लोंढा अर्मेरो या गावाला पोहोचायला अडीच तास लागले आणि सुमारे 23 हजार माणसं गेली. त्यानंतर 1986 मध्ये अमेरिकेने ज्वालामुखी-साहाय्य पथक उभारलं. त्याचा नियम असा की बोलावल्याशिवाय जायचं नाही आणि जाहीर बोलायचं ते यजमानांनीच. 1991 मध्ये पिनाटुबो ज्वालामुखीसाठी फिलिपिन्सच्या संस्थेने या पथकाबरोबर पाच पायऱ्यांची इशारा-पद्धत लावली आणि 15 जूनच्या महाउद्रेकाआधी हजारो लोक हलवले गेले. पायऱ्या पाचच, प्रत्येकीला ‘मग काय करायचं’ हे लिहिलेलं.

शब्दांवरही आधी बसून घ्या. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या अहवालांत ‘लाइकली’ (बहुधा) या शब्दाला 66 ते 100 टक्के आणि ‘व्हेरी लाइकली’ या त्याच्या वरच्या पायरीला 90 ते 100 टक्के असे ठरीव अर्थ आहेत. आपल्या बोलण्यात ‘शक्यता आहे’ हे वीस टक्क्यांनाही चालतं आणि नव्वदलाही. इशाऱ्याच्या मसुद्यात शब्दाशेजारी आकडा लिहा, आणि पाचही भाषांत तो शब्द कसा ऐकू येतो ते गावातल्या दहा जणांना वाचून दाखवून तपासा.

आराखड्यात न बसणाऱ्या घटनेसाठी थोडी जागा रिकामी ठेवा. डिसेंबर 2018 मध्ये अनाक क्राकाताऊची एक बाजू समुद्रात कोसळून त्सुनामी आली. इशारा यंत्रणा भूकंपाची वाट पाहत होती आणि मोठा भूकंप झालाच नाही. 15 जानेवारी 2022 ला टोंगाजवळच्या उद्रेकात हवेच्या दाबाच्या लाटेने समुद्र ढवळला आणि दूरच्या किनाऱ्यांवर पाणी हिशेबाच्या आधी पोहोचलं. ती दाबलाट अणुचाचणी-बंदी करारासाठी उभारलेल्या सर्व 53 अवश्राव्य-ध्वनी (माणसाला ऐकू न येणारा खोल आवाज टिपणाऱ्या) केंद्रांनी नोंदवली, म्हणजे दुसऱ्याच कामाचं जाळं इथे उपयोगी पडलं. उत्तराखंडातल्या चमोलीत 7 फेब्रुवारी 2021 ला अचानक लोंढा आला तेव्हा सगळ्यांनी आधी हिमतलाव फुटल्याचं म्हटलं. वेगवेगळ्या देशांतल्या पन्नासच्या वर संशोधकांनी उपग्रह-चित्रं, भूकंप-नोंदी आणि लोकांनी काढलेले व्हिडिओ एकत्र लावून दाखवलं की रोंती शिखराखालून सुमारे 2.7 कोटी घनमीटर खडक आणि बर्फ सुटला होता. त्यात खडक जवळपास 80 टक्के. हे इतक्या लवकर झालं, कारण कुणालाही आधीचा डेटा मागत बसावं लागलं नाही. तो खुल्या भांडारात पडलेला होता.

प्रकल्प संपतानाची यादीही पहिल्याच वर्षी लिहा. कुठली केंद्रं राहणार, त्यांचं मासिक वीज-सिम बिल कुणाच्या नावावर जाणार, पासवर्ड कुणाकडे, सुट्या भागांची पेटी कुठल्या खोलीत. यजमान देशातल्या निदान दोन तंत्रज्ञांनी केंद्र एकट्याने खोलून परत उभं केलेलं असावं, पाहुण्यांपैकी कुणीही शेजारी उभं नसताना. निबंधांवर त्यांची नावं हवीत, आभाराच्या ओळीत नव्हे. आणि जी केंद्रं चालणार नाहीत ती काढून आणा, चौथऱ्यासकट. शेताच्या कडेला सोडून दिलेली गंजकी पेटी दिसली, की पुढच्या गटाला तिथला शेतकरी बांधावर पाऊल ठेवू देत नाही.